प्राचीन ऑलिव्ह तेलाच्या दाबयंत्रांची पुनर्रचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूमध्यसागराच्या काठच्या देशांत फिरून आलेले वाचक, पुरातत्त्वाचे विद्यार्थी आणि जुन्या तंत्रांविषयी कुतूहल असलेली मंडळी या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पुनर्रचना म्हणजे नेमके काय करतात? नुसते चित्र काढतात की यंत्र पुन्हा उभे करतात?

दोन्ही करतात, पण क्रमाने. आधी उत्खननात सापडलेल्या दगडांची मोजमापे घेऊन नकाशा आणि छेदचित्र तयार होते, आणि नाहीसे झालेले लाकडी भाग त्यात तुटक रेषांनी दाखवले जातात. पुढे संगणकावर किंवा लहान प्रतिकृतीत ते भाग एकमेकांत बसतात का, दाब देणारी लांब लाकडी तुळई अडखळत तर नाही, माणसांना वावरायला जागा उरते का, हे तपासले जाते. यानंतरच, आणि तेही थोड्याच ठिकाणी, प्रत्यक्ष चालणारे पूर्ण आकाराचे यंत्र बांधले जाते (प्रश्न १६). चांगल्या पुनर्रचनेत सापडलेला भाग, तर्काने ठरवलेला भाग आणि केवळ सोयीसाठी घातलेला भाग हे तिन्ही वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. हा भेद पुसणारे चित्र कितीही देखणे असले तरी अभ्यासाच्या कामाचे नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. ऑलिव्हपासून तेल काढण्याचे टप्पे कोणते होते?

तीन. प्रथम फळे भरडून त्यांचा लगदा करायचा, मग लगदा विणलेल्या चटयांत किंवा चपट्या टोपल्यांत भरून, त्यांची चळत रचून दाबायची, आणि शेवटी निथळलेल्या द्रवातले तेल पाण्यापासून वेगळे करायचे. ताज्या ऑलिव्हमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी असते आणि तेल साधारण पाचवा हिस्सा असते. म्हणून निथळणारा द्रव हे शुद्ध तेल नसते, तर ते तेल आणि गडद, कडवट पाणी यांचे मिश्रण असते. या पाण्याला रोमन लोक ‘अमुर्का’ म्हणत. भरडणे, दाबणे आणि वेगळे करणे या तिन्ही कामांचे अवशेष निराळे असतात आणि पुनर्रचनेत ते निराळेच हाताळावे लागतात (प्रश्न ५ ते ९).

३. हे आपल्याकडच्या बैलघाण्यासारखेच होते ना?

नाही. आपल्या घाण्यात उखळ आणि लाट यांच्यामध्ये कोरडे बी एकाच वेळी भरडलेही जाते आणि पिळलेही जाते. त्यामुळे तेल आणि पेंड एकाच जागी मिळतात. ऑलिव्ह हे रसाळ, गराचे फळ आहे. त्याचा लगदा घाण्यात नुसता फिरत राहील. म्हणून भूमध्यसागरी प्रदेशात भरडण्याचे जाते आणि पिळण्याचे दाबयंत्र अशी दोन स्वतंत्र साधने विकसित झाली. जनावर जुंपले जाई ते फार तर जात्याला, आणि दाबयंत्रावर माणसे लागत.

४. लाकूड तर कुजून जाते. मग उत्खननात हाती लागते तरी काय?

दगड, चुन्याचा गिलावा, खापरे आणि कधी कधी कोळसा. दगडांत सामान्यतः पुढील वस्तू मिळतात : भरडण्याचे पात्र व त्यातले फिरते दगड, ज्यावर चळत रचली जाई ते दाबपीठ, ज्याच्या पृष्ठभागावर गोल पन्हळ कोरलेली असून तिला एका बाजूने तोंड असते, भिंतीतला कोनाडा किंवा जोडीने उभे केलेले दगडी खांब, ज्यात तुळईचे टोक अडकवले जाई, तुळईच्या दुसऱ्या टोकाला लटकणारे वजनी दगड, आणि जमिनीत बसवलेले हौद. पाण्याखाली किंवा ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेली ठिकाणे सोडली, तर तुळई, दोर आणि चटया नाहीशा झालेल्या असतात. भरडलेल्या ऑलिव्हच्या बिया मात्र जळालेल्या अवस्थेत बऱ्याच ठिकाणी सापडतात, कारण पिळून उरलेली पेंड भट्ट्यांत आणि चुलींत सरपण म्हणून वापरली जात असे.

५. तुळईच उरलेली नसेल, तर तिची लांबी कशी काढतात?

कोनाडा आणि वजनी दगडाची जागा या दोन बिंदूंवरून. वजनी दगड बहुधा जमिनीतल्या खड्ड्यात किंवा खड्ड्याच्या वर असतो. त्यामुळे तो हलवला गेला असला तरी खड्डा जागेवर राहतो. कोनाड्यापासून त्या खड्ड्याच्या मध्यापर्यंतचे अंतर ही तुळईची किमान लांबी. त्यात कोनाड्यात शिरलेला भाग आणि दोराच्या पलीकडे राहिलेले टोक मिळवावे लागते. कोनाड्याची रुंदी तुळईच्या जाडीची कमाल मर्यादा सांगते, आणि उंची सांगते की चळत दबत खाली जाताना तुळई किती कलू शकत होती.

हे उत्तर पडताळण्यासाठी प्राचीन ग्रंथांतली मापे उपयोगी पडतात. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या कातो या रोमन लेखकाने दाबतुळई २५ रोमन फूट, म्हणजे सुमारे ७.४ मीटर सांगितली आहे, आणि कोनाड्याकडच्या जिभेची अडीच फूट लांबी त्यातच धरली आहे. वास्तुविशारद विट्रुव्हियस याने मळसूत्राऐवजी तरफेने चालणाऱ्या दाबयंत्राची खोली ४० फुटांपेक्षा कमी लांब नसावी असे म्हटले आहे, कारण रहाटाच्या (दोर गुंडाळून तुळई खाली ओढणाऱ्या आडव्या लाकडाच्या) पहारी फिरवणाऱ्यांना मोकळी जागा हवी. एका यंत्रासाठी १६ फूट आणि दोन यंत्रांसाठी २४ फूट रुंदी त्याने सुचवली आहे. उत्खननातली खोली याहून बरीच आखूड निघाली, तर तुळई लहान होती किंवा यंत्र निराळ्या प्रकारचे होते, हे गृहीत धरून पुन्हा विचार करावा लागतो.

६. अशा यंत्राने दाब तरी किती येत असेल? आणि एवढ्या ताकदीने भिंत उखडत कशी नसे?

प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि पुनर्रचनेची खरी कसोटी तेथेच लागते. एक उदाहरण घेऊ. वजनी दगड गोल असून त्याचा व्यास ९० सेंटिमीटर आणि उंची ७० सेंटिमीटर आहे. चुनखडकाची घनता घनमीटरला २.४ टन धरली, तर त्याचे वजन १ टनाहून थोडे अधिक भरते. तो कोनाड्यापासून ६.८ मीटरवर लटकतो. चळतीचा मध्य कोनाड्यापासून १.२ मीटरवर आहे. तुळई ७ मीटर लांब आणि ६०० किलो वजनाची आहे. तिचे वजन मध्यावर, म्हणजे साडेतीन मीटरवर, एकवटलेले समजावे. तरफेचा हिशेब सरळ आहे : १,००० गुणिले ६.८ अधिक ६०० गुणिले ३.५, या बेरजेला १.२ ने भागले की चळतीवरचा भार सुमारे ७,४०० किलो येतो. चळतीचा व्यास ६० सेंटिमीटर असल्यास हा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला साधारण २.६ किलो होतो. आधुनिक जलदाब यंत्रांच्या तुलनेत तो फार थोडा आहे, तरी चटयांतून रस काढायला पुरेसा आहे.

आता भिंतीकडे वळू. चळत तुळईला ७,४०० किलोच्या बळाने वर ढकलते, आणि खाली खेचणारे दगड व तुळई मिळून १,६०० किलोच आहेत. उरलेले ५,८०० किलो कोनाड्याने खाली रोखून धरायचे असतात. म्हणजेच तुळईचे टोक कोनाड्याचे छत वर उचलू पाहते. त्या छतावर जवळजवळ ६ टन दगडकाम नसेल, किंवा खांब जमिनीत खोलवर जखडलेले नसतील, तर यंत्र पहिल्याच दाबात मोडेल. म्हणून उत्खननात कोनाड्यावर केवळ अर्ध्या विटेची भिंत उरलेली दिसली, तर वरची भिंत जाड आणि उंच होती हे आकडेमोडीनेच सांगता येते. खांबांच्या तळाशी मोठ्या पायथ्याच्या दगडांत आडवे लाकूड अडकवण्याची सोय सापडते, तीही याच कारणासाठी. ज्या पुनर्रचनेत हा वरच्या दिशेचा ताण कोण पेलतो हे दाखवलेले नसते, ती मी अपूर्ण समजतो.

७. वजनी दगडांवरच्या खाचा निरनिराळ्या का असतात?

कारण तुळई खाली ओढण्याच्या पद्धती निरनिराळ्या होत्या. दगडाच्या वरच्या भागात आरपार भोक असेल, तर तो दोराने थेट तुळईला टांगला जाई. असे दगड सहसा लहान असतात आणि एका तुळईला अनेक लावले जातात. दगडाच्या दोन विरुद्ध बाजूंना वर अरुंद आणि खाली रुंद अशा, कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या खाचा असतील, तर त्यांत लाकडी खांब घट्ट बसवून त्यांच्यामध्ये रहाट अडकवलेला असे. पहारींनी रहाट फिरवला की दोर गुंडाळला जाई, तुळई खाली येई, आणि ती पुरेशी खाली आली की दगडच जमिनीवरून उचलला जाई. माथ्यावर मध्यभागी गोल खळगा आणि बाजूंना खाचा असतील, तर तेथे लाकडी मळसूत्राचा खालचा गड्डा फिरता ठेवलेला होता असे समजावे.

दगड उचलला जात होता की जमिनीत पुरलेला होता, हेही पाहावे लागते. उचलला जाणारा दगड काम चालू नसतानाही दाब टिकवून धरतो, कारण चळत दबली तरी तो लोंबकळत राहतो. पुरलेल्या दगडाला बांधलेला रहाट मात्र वारंवार ताणावा लागतो.

८. भरडण्याच्या जात्याचे प्रकार कोणते? मला वस्तुसंग्रहालयात अर्धगोल दगड दिसले होते.

आपण पाहिलेले ते ‘ट्रापेटुम’ असणार. यात वाडग्यासारखे मोठे दगडी पात्र असते, त्याच्या मध्यभागी एक ठेंगणा दगडी खांब असतो, आणि त्या खांबावरच्या लोखंडी खिळ्याभोवती आडवे लाकूड फिरते. लाकडाच्या दोन्ही बाजूंना, आतून सपाट आणि बाहेरून गोलाकार असे दोन दगड बसवलेले असतात. ते पात्राच्या वक्र पोटाला समांतर फिरतात, पण त्याला टेकत नाहीत. कातोने स्पष्ट सांगितले आहे की पात्राचा तळ आणि फिरता दगड यांत किमान एका बोटाचे, आणि फिरता दगड व मधला खांब यांतही एका बोटाचे अंतर हवे. रोमन बोट म्हणजे फुटाचा सोळावा भाग, सुमारे १.८५ सेंटिमीटर. उद्देश असा की गर भरडला जावा, पण बी फुटू नये, कारण फुटलेल्या बीने तेलाची चव बिघडते असा तेव्हाचा समज होता.

पुनर्रचना करताना या एका बोटाचे महत्त्व मोठे आहे. पात्राच्या आतल्या बाजूला गोल घासल्याच्या खुणा दिसल्या, तर एक तर दगड झिजून खाली बसला होता, किंवा आज आपण त्या पात्रात जो फिरता दगड ठेवला आहे तो मुळात दुसऱ्याच पात्राचा आहे. वस्तुसंग्रहालयांच्या अंगणांत असे बेजोड जोडे पुष्कळदा एकत्र मांडलेले दिसतात.

दुसरा प्रकार ‘मोला’. यात सपाट तळावर एक किंवा दोन उभी दगडी चाके मधल्या खुंट्याभोवती फिरतात. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला याला ट्रापेटुमपेक्षा सरस मानतो, कारण फळाच्या आकारानुसार चाक वरखाली करता येते. त्याच ठिकाणी त्याने ‘कानालिस एत सोलेआ’ नावाच्या आणखी एका साधनाचाही उल्लेख केला आहे, पण त्या साधनाचे निर्विवाद अवशेष दाखवता येत नसल्याने त्याची कोणतीही पुनर्रचना तर्कापुरतीच राहते.

ट्रापेटुम महाग असे. कातोने आपला हिशेबच लिहून ठेवला आहे. सुएस्सा येथून घेतलेल्या ट्रापेटुमला ४०० सेस्टर्स (रोमन नाणी) आणि ५० पौंड तेल, जोडणीला ६०, सहा माणसांसह बैलगाडीच्या वाहतुकीला ७२, लाकडी दांड्याला ७२ आणि तेलाचे २५, असे एकूण ६२९ पडले. पॉम्पेई येथे तयार ट्रापेटुम ३८४ ला मिळत होते, पण वाहतुकीचे २८० आणि घरी बसवण्याचे ६० धरून ते ७२४ ला गेले. दगड कोणत्या खाणीतून आला हे शोधताना हा हिशेब फार उपयोगी पडतो, कारण मालकापुढे दगडाच्या किमतीइतकाच तो आणण्याचाही प्रश्न होता.

९. तेल पाण्यापासून वेगळे कसे करत? हौदांवरून ते कळते का?

पुष्कळदा कळते. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते. ते वरून वाडग्याने उचलून घेता येते, किंवा हौदाच्या काठाजवळच्या पन्हळीतून शेजारच्या हौदात ओसंडू देता येते, किंवा तळाच्या छिद्रातून आधी पाणी सोडून देता येते. म्हणून जोडलेल्या दोन-तीन हौदांत छिद्र कोणत्या उंचीवर आहे हे सेंटिमीटरपर्यंत मोजावे लागते. काठाजवळचे छिद्र तेल पुढे नेते आणि तळाजवळचे पाणी. छिद्राची उंची न नोंदवता काढलेला नकाशा येथे निरुपयोगी ठरतो.

१०. सर्वांत जुनी दाबयंत्रे कधीची? आणि प्रकारावरून काळ ठरवता येतो का?

तेल काढणे दाबयंत्रापेक्षा पुष्कळ जुने आहे. इस्राएलच्या कार्मेल किनाऱ्यावर, आज समुद्राखाली गेलेल्या कफर समीर येथे भरडलेल्या ऑलिव्हच्या हजारो बियांनी भरलेले खड्डे सापडले आहेत, आणि त्यांचे वय सुमारे ७,००० वर्षे आहे. तेथे यंत्राची खूण नाही. फळे कुटून, पाण्यात टाकून वरचे तेल घेतले जात असावे.

तुळईची दाबयंत्रे कांस्ययुगाच्या उत्तरार्धात सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारिटसारख्या ठिकाणी दिसतात, आणि लोहयुगात ती सर्रास आढळतात. मळसूत्र पुष्कळ नंतर आले. रोमन लेखक प्लिनी इसवी सनाच्या ७७ च्या सुमारास लिहितो की तुळईला मळसूत्र लावण्याची ग्रीक पद्धत गेल्या शंभर वर्षांतली आहे, आणि चळतीवर थेट मळसूत्राने दाब देणारे लहान यंत्र गेल्या २२ वर्षांतले आहे.

तरीही केवळ प्रकारावरून काळ ठरवू नये. नवे तंत्र आले म्हणून जुने बंद पडले नाही. रहाट आणि टांगते दगड मळसूत्राच्या काळातही शतकानुशतके चालू राहिले. मळसूत्राचा खळगा असलेला दगड प्लिनीच्या आधीच्या शतकाहून मागे नेणे धाडसाचे आहे, एवढे म्हणता येते. साध्या भोकाच्या दगडाला मात्र अशी कोणतीही मर्यादा नाही. काळ ठरतो तो थरातल्या खापरांवरून आणि नाण्यांवरून.

११. प्राचीन ग्रंथांवर कितपत विसंबावे?

मापांसाठी बरेच, आकृतीसाठी जपून. कातोने भागांची नावे आणि मोजमापे दिली, पण चित्र दिले नाही, आणि त्याचे वाक्य एखाद्या जाणत्या मुकादमाला सूचना द्यावी तसे त्रोटक आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने दाबयंत्रांच्या अनेक रचना सविस्तर सांगितल्या. त्याचा यंत्रशास्त्रावरचा तो ग्रंथ नवव्या शतकात कुस्ता इब्न लुका याने केलेल्या अरबी भाषांतरामुळे आपल्यापर्यंत पोहोचला. डॅनिश अभ्यासक ड्राखमान याने १९३२ साली हे ग्रंथ आणि तोवर सापडलेले अवशेष शेजारी ठेवून तपासले, आणि आजच्या बऱ्याच पुनर्रचना त्या पायावर उभ्या आहेत.

अडचण अशी की कातो मध्य इटलीतल्या एका जमीनदाराचे यंत्र सांगतो. त्याची मापे ट्युनिशियातल्या किंवा सीरियातल्या यंत्रावर जशीच्या तशी लादली, तर दगड त्यात बसत नाहीत. अशा वेळी दगडाचे ऐकावे.

१२. लिबियात मंदिरासारखे उभे दगड आहेत. तीही तेलयंत्रेच का?

होय. प्राचीन त्रिपोलितानियाच्या तारहूना पठारावर जोडीने उभे केलेले उंच दगडी खांब असून त्यांच्या माथ्यावर आडवा दगड आहे. १८९७ साली इंग्रज प्रवासी कूपर याने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांना प्रागैतिहासिक पूजास्थाने मानले होते. समोरचे पन्हळ कोरलेले चौथरे त्याला वेदीसारखे वाटले. प्रत्यक्षात ते चौथरे रोमन काळातली दाबपीठे आहेत आणि खांब तुळईचे टोक धरणारे आहेत. आडवा दगड ताण पेलण्यासाठी आहे, आणि त्याचे कारण प्रश्न ६ मध्ये आले आहे. खांबांच्या आतल्या बाजूंना वेगवेगळ्या उंचीवर असलेल्या खाचांत आडवा दांडा घालून तुळईच्या टोकाची उंची बदलता येत असे. चळत दबत जाई तशी ही सोय लागे. सेनाम सेमाना या एकाच ठिकाणी अशी १७ यंत्रे ओळीने होती. घरगुती गरजेपलीकडे, निर्यातीसाठी होणारे उत्पादन एवढ्यावरूनच दिसते.

१३. दाबयंत्र तेलाचे होते की द्राक्षांचे, हे कसे ओळखतात?

या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, कारण तुळईचे दाबयंत्र दोन्हींसाठी अगदी सारखे असू शकते. ऑलिव्हचे भरडण्याचे जाते जवळ सापडले, तर बाजू तेलाकडे झुकते. द्राक्षे पायांनी तुडवण्याचा गिलावा केलेला मोठा उतरता चौथरा आणि त्याखाली मोठा हौद असेल, तर बाजू द्राक्षरसाकडे झुकते. पण जाते हलवता येते, चोरीला जाते, फोडून बांधकामात जाते. म्हणून ‘जाते नाही, अर्थात तेल नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही. उत्तर सीरियातल्या चुनखडकी टेकड्यांवरच्या गावांत शेकडो दाबयंत्रे आहेत. जॉर्ज चालेंको याने १९५० च्या दशकात त्यांच्या आधारे ऑलिव्हवर जगणाऱ्या समृद्ध प्रदेशाचे चित्र रेखाटले. पुढच्या अभ्यासकांनी त्यांतली बरीच यंत्रे द्राक्षांची असल्याचे दाखवले, आणि त्या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेचे चित्रच बदलले.

खोलीची दिशाही साक्ष देते. विट्रुव्हियस द्राक्षरसाचे कोठार उत्तरेकडे आणि तेलाचे कोठार दक्षिणेच्या उबेकडे ठेवायला सांगतो, कारण थंडीत तेल गोठते. रासायनिक तपासणीत गिलाव्यात टार्टारिक आम्ल मिळाले, तर द्राक्षांची शक्यता वाढते. तेलाची मेदाम्ले मात्र इतर वनस्पतींच्या तेलांतही असतात, त्यामुळे ‘वनस्पतिजन्य तेल’ याच्यापुढे जाण्यासाठी इतर पुरावा लागतो. शिवाय द्राक्षे शरद ऋतूत आणि ऑलिव्ह त्यानंतर हिवाळ्यात येत असल्याने एकच यंत्र दोन्ही हंगामांत चालवता येई. तेव्हा काही ठिकाणी ‘दोन्ही’ हेच खरे उत्तर असते.

१४. एक्रोनला शंभराहून अधिक तेलयंत्रे होती म्हणतात. मग वर्षाला किती तेल निघत असेल?

एक्रोन, म्हणजे इस्राएलमधले आजचे तेल मिक्ने (या नावात ‘तेल’ म्हणजे टेकाड), येथे त्रूदे दोथान आणि सिमूर गितिन यांनी १९८१ ते १९९६ या काळात उत्खनन केले. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातल्या या नगरात भरडण्याचे आयताकृती पात्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दाबाचे कुंड अशी ठरावीक मांडणी दिसते. शंभराहून अधिक यंत्रांची नोंद झाली, पण त्यांतली बहुतेक जमिनीच्या पृष्ठभागावरच्या पाहणीत सापडली. सगळी एकाच वेळी चालू होती हे त्यावरून सिद्ध होत नाही. वार्षिक उत्पादनाचे ५०० ते १,००० टनांपर्यंतचे अंदाज मांडले गेले आहेत.

अंदाज इतके का बदलतात, ते एका यंत्राच्या हिशेबाने दिसेल. एका चळतीत २५० किलो लगदा आणि त्यातून १५ टक्के तेल धरले, तर एका दाबाला ३७.५ किलो मिळते. दिवसाला दोन दाब आणि ६० दिवसांचा हंगाम धरल्यास ४,५०० किलो होतात. तीन दाब आणि ९० दिवस धरल्यास १०,१२५ किलो होतात. दगड तोच, यंत्र तेच, पण उत्तर दुपटीहून अधिक. त्रिपोलितानियातल्या मोठ्या यंत्रांचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मॅटिंग्ली यांनी चांगल्या वर्षी सुमारे १०,००० किलोपर्यंतची क्षमता मांडली आहे. पण ऑलिव्हचे झाड एका वर्षी भरघोस आणि पुढच्या वर्षी तोकडे फळते, म्हणून क्षमता आणि सरासरी उत्पादन यांची गल्लत करू नये.

१५. एकाच खोलीत वेगवेगळ्या प्रकारचे दगड मिळाले तर कोणते खरे मानायचे?

सगळेच खरे असू शकतात, पण एकाच काळचे नसतील. वजनी दगड भिंतीत चिरा म्हणून बसतो, भरडण्याचे पात्र गुरांना पाणी पाजण्यासाठी जाते, जुने दाबपीठ उंबरठा होते. जो दगड आपल्या खड्ड्यात, आपल्या पन्हळीसमोर, कोनाड्याच्या सरळ रेषेत आहे त्याला प्राधान्य द्यावे. रेषेबाहेरचा दगड पुनर्रचनेत घेण्याआधी त्यावरच्या झिजेच्या खुणा पाहाव्यात. दोराने घासलेली कड वर न येता बाजूला असेल, तर तो दगड उलथून पुन्हा वापरलेला आहे.

१६. पूर्ण आकाराचे चालते यंत्र कोठे बांधले आहे? त्यात लाकूड, दोर वगैरे मूळचेच वापरतात का?

तुर्कस्तानात इझमीरजवळच्या उर्ला येथे, प्राचीन क्लाझोमेनाय नगरात, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातली खडकात खोदलेली तेलशाळा सापडली. एगे विद्यापीठाच्या उत्खननानंतर २००० च्या दशकात तिची जागच्या जागी पुनर्रचना झाली, आणि तीत ऑलिव्ह भरडून तेलही काढण्यात आले. खडकातले खड्डे शाबूत असल्याने यंत्राचा तळ तर्काने ठरवावा लागला नाही. वरचा लाकडी सांगाडा मात्र नव्यानेच आखावा लागला.

साहित्याबाबत कातोचा सल्ला आजही मार्गदर्शक आहे. दाबतुळई शक्यतो काळ्या हॉर्नबीमची करावी आणि पहारी सदाहरित ओक, हॉली, लॉरेल किंवा एल्मच्या असाव्यात, असे तो सांगतो. जुन्या जातीचे एवढे मोठे खोड आज मिळणे दुरापास्त झाल्याने दोन ओंडके एकत्र बांधण्याची तडजोड करावी लागते. माझ्या मते ही तडजोड चालेल, कारण तुळईचे वजन आणि ताठरपणा मोजून जुळवता येतो. नायलॉनचा दोर मात्र चालणार नाही. वनस्पतीच्या तंतूंचा किंवा कातडी दोर ताणला जातो, भिजला की त्याची लांबी बदलते, आणि रहाट किती वेळा फिरवावा लागतो हे त्यावरच ठरते. प्रयोगाचा तो निष्कर्षच नायलॉनने खोटा ठरतो. चटयांचेही तेच आहे : विणीची घट्टता बदलली की रस निथळण्याचा वेग बदलतो.

१७. अशी यंत्रे महाराष्ट्रात सापडली आहेत का?

नाही. ऑलिव्हची लागवडच येथे नव्हती. नेवाशासारख्या ठिकाणी तेल, मद्य वाहून नेणाऱ्या भूमध्यसागरी कुंभांची खापरे नोंदवली गेली, पण अभ्यासक रोबर्टा टॉम्बर यांच्या फेरतपासणीत भारतातल्या अशा खापरांपैकी बरीच मेसोपोटेमियाकडच्या कुंभांची निघाली. त्यांवरून ऑलिव्ह तेलाच्या आयातीविषयी निष्कर्ष काढताना सावधगिरी बाळगावी.

१८. प्रवासात शेताच्या बांधावर एक सुटा दगड दिसला. फोटो पाठवला तर यंत्र ओळखता येईल का?

प्रकार बहुधा ओळखता येईल, यंत्र नाही. दगड हलवू नये, त्यावर पाणी टाकू नये, खुणा खडूने ठळक करू नयेत. मोजपट्टी दगडाला समांतर ठेवून माथा, चारही बाजू आणि, दिसत असल्यास, तळ यांची छायाचित्रे घ्यावीत. माथ्यावर खळगा असेल तर त्याचा व्यास आणि खोली मोजावी. बाजूंच्या खाचांची वरची आणि खालची रुंदी वेगवेगळी नोंदवावी, कारण कबुतराच्या शेपटीचा आकार तेवढ्यावरूनच कळतो (प्रश्न ७). पन्हळ असल्यास तिचा व्यास आणि तोंडाची दिशा लिहावी. दगड कोणत्या खडकाचा आहे आणि आसपासच्या बांधातले दगड त्याच खडकाचे आहेत का, एवढी नोंद जोडली, तर तो तेथलाच आहे की दुरून आणलेला आहे याचाही अंदाज बांधता येतो. त्यानंतर जागेची माहिती त्या देशाच्या पुरातत्त्व खात्याला द्यावी आणि तिचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण असे दगड बागांच्या सजावटीसाठी सर्रास उचलले जातात.